पोरांना न चावणारी जात कुठली?

बेळगावच्या वडगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

“डॉक्टर, आमचं घर गल्लीत आहे. खाली दोन पॉवरलूम, वर आम्ही राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच. कुत्रं आणायचं नक्की झालंय, पण कुठलं यावर महिनाभर वाद चाललाय. मामंजी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, त्यांना अल्सेशियनच पाहिजे. ह्यांचा एक मित्र महालिंगपूरकडचा, तो मुधोळ जातीचं पिल्लू फुकट द्यायला तयार आहे. मुलीला पांढरंशुभ्र पॉमेरियन हवंय. माझं म्हणणं एवढंच, लहान पोरांना न चावणारी जात सांगा. तशी गल्लीत एक तांबडी कुत्री आहे, मुलगी तिला रोज भाकरी घालते, पण ती काही पाळायची जात नव्हे.”

ताई, सरळ उत्तर आधी देतो. अशी जात नाही.

तोंडात दात आहेत तो प्राणी चावू शकतो. गरीब म्हणून नावाजलेलं लॅब्रॅडॉर चावलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि ज्याच्या भुंकण्यानं पोस्टमन फाटकाच्या आत पाय ठेवत नव्हता, त्याच कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून दुपारी झोपलेली पोरंही पाहिली आहेत. जातीवरून मला काय सांगता येतं? कुत्रं किती उंच होईल, किती खाईल, किती केस गाळेल, त्याला किती पळवावं लागेल आणि कशाच्या मागं ते धावत सुटेल. तुमच्या मुलानं शेपूट ओढल्यावर ते काय करेल, हे मात्र त्याच्या आईचा स्वभाव, त्याचे पहिले तीन-साडेतीन महिने कुठं आणि कसे गेले आणि तुमच्या घरात त्याला कशी वागणूक मिळते, यावर ठरतं. म्हणून तुमच्या घरातली एकेक मागणी तुमच्या घराला लावून बघू.

आधी फुकटचं पिल्लू, कारण फुकटच्या गोष्टीला नाही म्हणणं सगळ्यात अवघड.

मुधोळबद्दल आपल्या भागात अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. त्या राजघराण्यानं ही जात जोपासली, पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिल्याची गोष्ट तिकडं अजून सांगतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी हेच कुत्रं कारवान हाउंड म्हणून लागतं. 2005 साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं खास केंद्रही आहे. आपल्या हवेला टिकणारं, आखूड केसाचं, कमी खाणारं, सहसा आजारी न पडणारं कुत्रं. एवढं सगळं चांगलं असून मी तुम्हाला नको म्हणतोय, तेव्हा कारण सांगायला हवं.

हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, सगळी घडण पळण्यासाठी. डोळ्यांसमोरून काहीतरी सुसाट गेलं की ते मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागं सुटतं. माळावर तो ससा असायचा. (सशाची शिकार आता गुन्हा आहे, तुमच्या महालिंगपूरच्या मित्रालाही आठवण करून द्या.) वडगावच्या गल्लीत ते मांजर असेल, शेजारणीची कोंबडी असेल, नाहीतर वळणावरून येणारी मोटारसायकल. आणि अडीच वर्षांचं पोर दार उघडं टाकणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

अनुभवानं सांगतोय. नोकरीच्या सुरुवातीला मीही हौसेनं मुधोळचं पिल्लू घरी आणलं होतं, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची. ते तिला एकदाही चावलं नाही. पण सात-आठ महिन्यांचं झाल्यावर अंगणात वाऱ्यासारखं गोल गोल पळायचं आणि वळताना तिला आडवं पाडायचं. एकदा तिचं कपाळ पायरीवर आपटलं, दोन टाके पडले. त्याच महिन्यात त्यानं शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या मारल्या. मी पैसे भरून दिले, पण शेजारच्या काकूंनी वर्षभर आमच्याकडं बघितलं नाही. शेवटी रायबागकडं मेहुण्याच्या मळ्यात नेऊन सोडलं. तिथं ते बारा वर्षं राजासारखं जगलं. कुत्र्याचा काहीच दोष नव्हता. चुकीचं घर मी निवडलं होतं.

शिवाय मुधोळ मनानं हळवं असतं. आवाज चढवला की खचतं, अनोळखी हाताला लांब राहतं. मळ्यातल्या शांततेत जन्मलेलं पिल्लू तुमच्या दोन मागांच्या खडखडाटावर आणून ठेवलंत, तर पहिले कित्येक दिवस ते कॉटखालून बाहेर येणार नाही. आणि घाबरून कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्यापाशी रांगत जाणारं पोर, हे मला सगळ्यात जास्त भीती वाटणारं चित्र आहे. मित्राला सांगा, धाकटा सात-आठ वर्षांचा झाला आणि गावाकडं कुंपणाची जागा असली की तेव्हा बघू.

आता मामंजींचं अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड. मिलिटरीतल्या माणसाला हे कुत्रं का आवडतं ते कळतं: सांगितलेलं ऐकतं, शिकवलेलं विसरत नाही. पण त्याला रोज काम लागतं. मामंजी रोज सकाळ-संध्याकाळ तासभर, पावसातसुद्धा, त्याला फिरवून शिकवणार असतील तर निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी तुमच्या जिन्याची. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष रक्तातूनच येतो, आणि वाढत्या वयात रोज जिना चढ-उतार करणं त्याला सोसत नाही. पस्तीस किलोचं कुत्रं उचलून वर न्यायची पाळी आली तर ते कोण नेणार, हेही विचारून ठेवा. त्यातून ते घरच्यांची राखण करणारं. तुमच्या मुलीशी शेजारची पोरं दंगामस्ती करायला लागली, तर ते खेळ म्हणून बघेलच असं नाही.

पॉमेरियनसाठी मुलीची समजूत तुम्हालाच घालावी लागेल. आपल्याकडं पॉमेरियन म्हणून विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं. हुशार, जागरूक, पण लहान अंगाचं. लहान पोरांना वाटतं, लहान कुत्रं म्हणजे उचलायची बाहुली. ते उचलतात, पाडतात, आवळतात. आणि ज्याला पळून जायला वाट नाही ते दात लावतं. माझ्या दवाखान्यात पोरांना ओरबाडल्या-चावल्याच्या तक्रारी या लहान कुत्र्यांच्याच जास्त यायच्या.

लॅब्रॅडॉरचं तुम्ही विचारलं नाही, पण शेजारी कोणीतरी सुचवणारच. स्वभावानं बहुतेक वेळा चांगलं. खाण्याच्या बाबतीत मात्र त्याला पोट भरल्याचं कळतच नाही. घरातल्या पाच जणांनी प्रेमानं एकेक घास टाकला की दोन वर्षांत ते पिंप होतं आणि मग सांधे धरतात. केस बारा महिने गळतात. खाली सुताचा धंदा आहे, तेव्हा हे मनात धरा. आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्याचे लोंबते कान आतून ओले राहून सडतात, दर आठवड्याला कोरडे पुसावे लागतात. पगचं चपटं नाक उन्हात धड श्वास घेऊ देत नाही. हस्की हा बर्फातला प्राणी. रॉटवायलर, पिटबुलसारख्या 23 जातींवर केंद्रानं 2024 च्या मार्चमध्ये बंदीचं पत्रक काढलं होतं, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कायद्याचं काहीही होवो, अडीच वर्षांचं पोर असलेल्या घराला मी त्यांचं नाव सुचवणार नाही.

पण ताई, माझा खरा आक्षेप यातल्या कुठल्याच जातीवर नाही. तो पिल्लावर आहे. तुम्ही सगळे पिल्लूच धरून बसलाय.

पिल्लू म्हणजे दुसरं तान्हं मूल. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात. त्या काळात ते चप्पल, दोरी, खुर्चीचा पाय आणि पोरांची बोटं, सगळं चावतं. सुईसारखे दात असतात. मूल रडतं, हात झटकतं, पळतं; पिल्लाला वाटतं खेळ रंगला. दर दोन तासांनी त्याला शी-शूला बाहेर न्यायचं. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लसी सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांपर्यंत पुऱ्या करायच्या, तीन महिन्यांला रेबीजची, शिवाय जंताचं औषध वेगळं. लसी पुऱ्या व्हायच्या आत गल्लीत सोडलं तर पार्वो गाठतो, आणि पार्वोनं गेलेली पिल्लं मी मोजायचं सोडून दिलंय. हे सगळं कोण करणार? तुमच्या पत्रात चौघांच्या आवडी आहेत आणि काम कोण करणार हा शब्दच नाही. म्हणजे ते तुम्ही करणार, हे न विचारताच ठरलंय. कुत्रं आणायच्या आधी एका रात्री सगळ्यांना बसवून हे विचारा. बघा की, निम्मा वाद तिथंच मिटेल.

तरीही पिल्लूच हवं असेल तर दोन गोष्टी पाळा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्य आहे. आईपाशी आणि भावंडांत राहूनच ते आपला चावा आवरायला शिकतं. आणि आई दाखवा म्हणा. जो आई दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आई अंगावर येणारी असेल तरीही नको.

आता पत्रातली शेवटची ओळ. तुम्ही ती सहज लिहून गेलात, मी तीच चार वेळा वाचली.

ती तांबडी. पूर्ण वाढ झालेली. म्हणजे तिचा स्वभाव जो काही आहे तो समोर आहे, अंदाज करायला नको. मागांचा खडखडाट ती जन्मापासून ऐकतेय. गणपती, दिवाळी आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचा दणदणाट तिनं काढलाय. गाड्या, कोंबड्या, पोरं, सायकली, सगळं ओळखीचं. आखूड केस, मध्यम अंग, आपल्या पावसाला आणि उन्हाला सरावलेली. पाळायची जात नव्हे म्हणता, पण आपल्या आज्या-पणज्यांनी पाळलेलं कुत्रं हेच. तुमच्या मुलीला ती ओळखतेच. मला विचाराल तर पाचांत मी हिलाच निवडेन. मात्र उद्या सकाळी उचलून घरात आणू नका, हे सगळं रांगेनं करा.

आधी तिचा कान बघा. एका कानाचं टोक कापलेलं असेल तर तिचं संततिनियमनाचं ऑपरेशन झालंय, आणि त्या वेळी रेबीजची लसही देतात. कापलेलं नसेल तर ऑपरेशन करून घ्या, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पिल्लं अंगावर पीत असतील तर थांबा. पिल्लांची आई गरीबातली गरीब असली तरी त्या दिवसांत तिचा भरवसा धरू नये. लस कधी दिली याची नोंद नसेल तर रेबीजची नव्यानं द्या, सोबत सात किंवा नऊ रोगांची एकत्र लस द्या. तिच्यात उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोचाही बंदोबस्त असतो आणि पावसाळ्यात तुमच्या भागात त्याची गरज आहे. जंताचं औषध द्या. गोचिडी काढा, त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. नंतर निदान महिनाभर तिला उंबऱ्यावर खायला द्या, पोरांना तिच्या अंगाशी जाऊ देऊ नका. रेबीज अंगात असेल तर दिसायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून ही सबुरी.

त्या महिन्यात तुमच्या यजमानांनी तिची परीक्षा घ्यावी, पोरं लांब ठेवून. पंजा धरून बघायचा, कानाला, पाठीला हात लावायचा. दहा पावलांवर स्टीलचं ताट पाडायचं. दचकणारच, पण दोन मिनिटांत सावरून परत येते का ते बघायचं. ती खात असताना दोन हात अंतरावर उभं राहायचं. अंग ताठ करून, वाकून वर बघत गुरगुरली तर ते लक्षात ठेवायचं. गल्लीतल्या कुत्र्याला अन्न राखायची सवय असते, तिचा एवढा एक दोष मी लपवणार नाही. पोटभर आणि वेळेवर मिळायला लागलं की बहुतेकांची कमी होते. तोवर तिचं ताट पोरं पोचणार नाहीत अशा जागी. पण हात लावू देत नाही, ताट पडल्यावर अंगावर येते, असं दिसलं तर तिला गल्लीतच राहू द्या आणि मला परत लिहा.

घरात आल्यावर तिला एक कोपरा द्या. तिथं ती गेली की पोरांनी तिकडं जायचं नाही, हा नियम मामंजींकडं सोपवा, मिलिटरीतला माणूस आहे. हाक एकच ठरवा. मामंजी ‘सिट’ म्हणणार, तुम्ही ‘बस’ आणि शेजारच्या अक्का कानडीत ‘कूतको’, तर ती बिचारी तिन्ही भाषांत उभीच राहील. कुंदा, चॉकलेट, मनुके, कांदा-लसणाचा रस्सा, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, यातलं काही नाही. भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर कुत्रं निभत नाही. अंडं, थोडं मटण किंवा चिकन हवं.

मुलीला मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतः बसून शिकवा. कुत्रं चावायच्या आधी बोलतं. झोप नसताना जांभई देतं, काही खाल्लेलं नसताना जिभल्या चाटतं, तोंड फिरवतं, डोळ्यांचं पांढरं दाखवतं, मग एकदम ताठ होतं. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असं नव्हे. ताठ, उंच धरलेली शेपूट हलवत ते तुम्हाला बजावत असतं. सात वर्षांची पोर हे शिकू शकते, आठवडाभरात तुमच्यापेक्षा चांगलं ओळखेल. अडीच वर्षांचा शिकू शकत नाही. म्हणून तो आणि कुत्री एका खोलीत असताना मोठं माणूस हवंच, ‘जरा दूध बघून येते’ एवढ्यापुरतंसुद्धा सोडायचं नाही. गळ्यात मिठी मारणं, तोंडाला तोंड लावणं बंद. लहान पोरांना चावा लागतो तो बहुतेक ओळखीच्या कुत्र्याचा, आणि तोंडावर, कारण त्यांचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. आणि ती गुरगुरली म्हणून कोणी मारू नका. गुरगुरणं मारून बंद केलं की पुढच्या वेळी ती न सांगता चावते.

एवढं करूनही दात लागलाच, घरच्या कुत्रीचा असो वा बाहेरच्या, तर हळद नाही, चुना नाही, तेल नाही, मिरची नाही. नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना सुया घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. जखम खोल किंवा तोंडावर असेल तर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, त्याबद्दल आपण होऊन विचारा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय नाही, त्याआधी मात्र आहे.

अजून एक राहिलं. तांबडीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. मुलगी रोज भाकरी घालते म्हणजे तिनं काहीतरी ठेवलंच असणार. तिला विचारून कळवा, लसीच्या कार्डावर तेच घालायचं.